प्रश्न वाचकांचे: पेलेट स्टोव्ह, त्याची राख आणि त्याचे धुराडे

थंडी सुरू झाल्यापासून परदेशांतील वाचकांची पेलेट स्टोव्हविषयी बरीच पत्रे आली आहेत. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, बहुधा ६ मिलिमीटर जाडीच्या कांड्या, म्हणजे पेलेट, जाळून घर ऊबदार ठेवणारे हे यंत्र विजेवर चालते, स्वतः पेटते आणि स्वतःच जळण ओढून घेते. त्यामुळे त्याची फारशी देखभाल करावी लागत नाही, असा समज सहज होतो. न्यू हॅम्पशायरमध्ये १४ हिवाळे असा स्टोव्ह वापरल्यानंतर मला हा समज धोक्याचा वाटतो, म्हणून या वेळचे सदर मी याच विषयाला दिले आहे.

प्रश्न: आम्ही व्हरमाँटमध्ये राहतो आणि पेलेट स्टोव्हचा हा आमचा दुसरा हिवाळा आहे. राखेचा डबा मी दर रविवारी न चुकता रिकामा करतो. तरीही महिनाभरापासून ज्योत लांबट, नारिंगी आणि मंद दिसते, काच एका दिवसात काळी होते आणि स्टोव्ह अधूनमधून आपोआप बंद पडतो. पेलेट बदलून पाहिले, पण फरक पडला नाही. आमचे काय चुकत असावे?

उत्तर: आपण सांगितलेली तिन्ही लक्षणे बहुतेक वेळा एकाच कारणाने दिसतात, आणि ते म्हणजे जळणाला हवा कमी पडणे. निरोगी ज्योत आखूड, चपळ आणि पिवळसर पांढरी असते. ज्योत सुस्त झाली आणि तिचे टोक काळपट दिसू लागले की हवेच्या वाटेत कुठेतरी राख अडली आहे, असे समजावे. काचेवर करड्या राखेचा पातळ थर बसणे स्वाभाविक आहे, पण एका दिवसात काजळी धरणे स्वाभाविक नाही. राखेचा डबा ही या वाटेवरची सर्वांत निरुपद्रवी जागा आहे, कारण तेथे पडलेली राख हवेच्या आड येत नाही. आड येते ती डब्यापर्यंत न पोचलेली राख.

कामाला हात घालण्यापूर्वी स्टोव्ह नेहमीच्या बटणाने बंद करावा, धूर ओढणारा पंखा आपला आपण थांबेपर्यंत वाट पाहावी, यंत्र पूर्ण थंड होऊ द्यावे आणि मगच प्लग काढावा. आग चालू असताना प्लग ओढला तर पंखा थांबतो आणि बाहेर जाणारा धूर घरात येतो. हातमोजे आणि एन-९५ मास्क घालावा, कारण ही राख पिठाहून बारीक असते आणि थेट छातीत जाते.

सुरुवात बर्न पॉटपासून करावी. पेलेट ज्या लोखंडी वाटीत जळतात तिच्या तळाला आणि बाजूंना भोके असतात, आणि जळणाला लागणारी हवा त्यांतून येते. पेलेटमध्ये साल, माती किंवा वाळूचा अंश असला की राख वितळून तिचा काचेसारखा कडक खडा बनतो आणि तो या भोकांवर बसतो. रॉकेलच्या स्टोव्हला पिन मारलेल्या पिढीला भोक बुजले की काय होते, हे वेगळे सांगायला नको. वाटी बाहेर काढून खिडकीपाशी न्यावी, उजेडासमोर धरावी आणि भोके मोजावीत. ज्या भोकातून उजेड आरपार दिसत नाही ते खिळ्याने किंवा योग्य मापाच्या ड्रिलच्या पात्याने हातानेच मोकळे करावे. वाटी पुन्हा बसवताना ती आपल्या जागी घट्ट टेकली आहे ना, हे बोटाने चाचपून पाहावे. ती किंचित तिरकी राहिली तरी हवा भोकांतून न जाता फटीतून निघून जाते. हे काम आठवड्याचे नाही, दर एक-दोन दिवसांचे आहे.

त्यानंतर उष्णता खोलीत देणाऱ्या नळ्या किंवा पत्रे येतात. माझ्या लहानपणी आमच्या कोकणातल्या घरी परसदारी तांब्याचा बंब होता. त्याच्या मधल्या नळीत करवंट्या आणि नारळाची सोडणे जळत आणि भोवतीचे पाणी तापे. नळीला काजळी धरली की जाळ तितकाच असूनही पाणी लवकर तापेनासे होई, आणि मग आजी एखाद्या सकाळी बंब रिकामा करून नळी खरवडायला बसे. पेलेट स्टोव्हमध्ये पाण्याच्या जागी खोलीची हवा असते, बाकी न्याय तोच. काही स्टोव्हना या नळ्या खरवडण्यासाठी बाहेरून ओढायची दांडी दिलेली असते. ती रोज, स्टोव्ह थंड असताना, चार-पाच वेळा मागेपुढे करावी. तशी दांडी नसेल तर ब्रशने हे काम आठवड्याला करावे.

तुमचा स्टोव्ह मध्येच बंद का पडतो, याचे उत्तर मला याच्याही मागे दडलेले वाटते. आगीच्या खोलीतल्या मागच्या पत्र्याआड राख साठण्यासाठी बंद पोकळ्या असतात. माहितीपुस्तिकेत त्यांची आकृती असते, पण नवख्या माणसाच्या ध्यानात त्या येत नाहीत. दुसऱ्या हिवाळ्यात त्या काठोकाठ भरतात आणि धुराची वाट चिंचोळी होते. पत्रा काढून, व्हॅक्युमच्या नळीला लांब तोटी लावून ती राख ओढून घ्यावी. त्यासाठी घरातला नेहमीचा व्हॅक्युम क्लीनर कधीही वापरू नये. त्याची गाळणी इतकी बारीक नसते, त्यामुळे राख मागून सगळ्या घरात उडते, आणि एखादा निखारा जिवंत असेल तर आतली पिशवी पेट घेते. धातूच्या टाकीचा, राखेसाठीच केलेला व्हॅक्युम घ्यावा आणि तोही थंड राखेसाठीच वापरावा.

याच भागात बोटाएवढ्या जाडीची एक रबरी नळी दाब मोजणाऱ्या स्विचकडे जाते. धुराच्या वाटेत पुरेसा ओढा नसेल तर हा स्विच जळणाचा पुरवठा थांबवतो, आणि यंत्र बंद पडते ते त्यामुळे. नळी ज्या धातूच्या टोकावर बसते तेथे राखेचे बूच बसते. नळी काढून ते टोक तारेने मोकळे करावे. नळीत तोंडाने फुंकर मारायचा मोह होतो, पण नळी स्विचला जोडलेली असताना तसे मुळीच करू नये, कारण आतला पडदा नाजूक असतो. हा स्विच तारा जोडून टाळण्याचा सल्ला देणारे लोकही भेटतात. त्यांचे ऐकू नये. तो स्विच तुमच्या घरच्यांच्या जिवाची राखण करतो.

शेवटी दाराची दोरी, म्हणजे दाराच्या कडेने फट बुजवण्यासाठी बसवलेली जाड दोरी, पाहावी. थंड स्टोव्हच्या दारात डॉलरची नोट अडकवून दार लावावे आणि नोट ओढावी. ती सहज निसटली तर त्या ठिकाणी दोरी दबून गेली आहे आणि हवा वाटीऐवजी दारातून आत शिरते आहे. नवी दोरी आणि तिचा उष्णता सोसणारा डिंक हा खर्च फार नसतो. इतके सगळे केल्यावरही ज्योत सुधारली नाही, तर धूर ओढणारा पंखा आणि धुराडे यांकडे वळावे लागेल, आणि त्यासाठी पुढचे उत्तर वाचावे.

प्रश्न: पेलेट इतके स्वच्छ जळतात की धुराड्यात काही साठतच नाही, असे माझे यजमान म्हणतात. आम्ही मेन राज्यात राहतो आणि वर्षाला साधारण ३ टन पेलेट जाळतो. धुराडे खरोखर साफ करावे लागते का, आणि ते घरच्या घरी करता येईल का?

उत्तर: आपल्या यजमानांचे म्हणणे निम्मे खरे आहे. ओल्या लाकडाच्या धुराने धुराड्यात डांबरासारखा चिकट, पेट घेणारा थर बसतो. पेलेट नीट जळत असतील तर तो फारसा बसत नाही. पण राख बसते. अमेरिकी बाजारातील ३ टन म्हणजे सुमारे २,७०० किलो, आणि प्रीमियम दर्जाच्या पेलेटमध्ये राखेचे प्रमाण १ टक्क्यापर्यंत असू शकते, म्हणजे हिवाळ्यात २७ किलोपर्यंत राख तयार होते. तिच्यातली जड राख डब्यात पडते, हलकी राख धुराबरोबर पाइपात जाते आणि जेथे वळण किंवा आडवा तुकडा असेल तेथे खाली बसते. त्यात हवा कमी पडून ज्योत सुस्त झाली, तर राखेवर काजळी आणि डांबरही चढू लागते, म्हणजे यजमानांच्या म्हणण्यातला निम्मा खरा भागही मग उरत नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेच्या २११ क्रमांकाच्या मानकानुसार प्रत्येक धुराड्याची वर्षातून किमान एकदा तपासणी व्हायला हवी, आणि ती प्रशिक्षित माणसाकडून करून घ्यावी असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. चिमनी सेफ्टी इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिकेचे प्रमाणपत्र असलेला माणूस पाहावा. स्टोव्ह जुन्या विटांच्या धुराड्यात जोडलेला असेल तर हे काम स्वतः करूच नये, कारण आतले अस्तर फुटले आहे की नाही हे खालून दिसत नाही. पण भिंतीतून बाहेर जाऊन वर चढणारा ३ किंवा ४ इंची दुहेरी पाइप असेल, तर दर टनामागे, म्हणजे साधारण ५० पोत्यांमागे, एकदा घरच्या घरी ब्रश फिरवता येतो.

पाइप जेथे उभा होतो तेथे टी आकाराचा सांधा असतो आणि त्याच्या खालच्या तोंडाला झाकण असते. झाकणाखाली बादली धरून ते हलकेच फिरवावे, राख भसकन खाली येते. मग पाइपाच्या मापाचा ब्रश लवचीक दांडीला लावून वरपर्यंत न्यावा आणि दांडी एकाच दिशेने, घड्याळाच्या काट्याप्रमाणे, फिरवावी. उलटी फिरवली तर दांडीचे आटे सुटतात आणि ब्रश वरच अडकतो. आडव्या तुकड्यात ब्रश घालताना हात आवरावा, कारण त्याच्या दुसऱ्या टोकाला पंखा असतो आणि पंख्याचे पाते वाकले तर तो खडखडू लागतो. सगळ्यात वरच्या टोपीची जाळी विसरू नये. पुष्कळदा पूर्ण पाइप मोकळा असतो आणि जाळीच राखेने लिंपलेली असते. पाइपाच्या सांध्यांवर बाहेरून काळे ओघळ दिसले तर तेथून धूर गळतो आहे, आणि असा सांधा उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉनने पुन्हा बंद करून घ्यावा लागतो.

आमच्या घरी स्टोव्ह बसवणाऱ्याने टी-सांधा न लावता साधे कोपरे लावून काम उरकले होते. पहिली दोन वर्षे पाइप साफ करायला तोंडच नव्हते, आणि तिसऱ्या जानेवारीत, बाहेर उणे २० अंश असताना, स्टोव्ह बंद पडला. बाहेर जाऊन पाइप सोडवला तेव्हा कोपऱ्यात राख आणि बर्फाळ ओल मिळून सिमेंटसारखा गोळा झालेला दिसला. नवा स्टोव्ह घेणाऱ्यांनी हा सांधा आहे ना, हे पैसे देण्यापूर्वी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.

पाने उडवण्याचे यंत्र उलटे लावून सगळी राख एकदम बाहेर खेचण्याचा एक प्रकार अमेरिकेत लोकप्रिय आहे. राख निघते हे खरे, पण तो ओढा स्टोव्हच्या पंख्यापेक्षा कितीतरी जोरदार असतो. दाबाच्या स्विचची नळी आधी सोडली नाही तर स्विच निकामी होऊ शकतो, शिवाय आत एखादा निखारा उरला असेल तर तो थेट यंत्रात जातो. मी ब्रशच पसंत करते.

पेलेट स्टोव्ह असलेल्या घरात कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र झोपायच्या खोल्यांबाहेर आणि प्रत्येक मजल्यावर असले पाहिजे. या विषारी वायूला वास नसतो. हिमवादळानंतर, विशेषतः पाइपाचे तोंड जमिनीपासून फार उंच नसेल तर, स्टोव्ह पेटवण्यापूर्वी बाहेर जाऊन तोंडाभोवतीचे बर्फ फावड्याने दूर करावे.

प्रश्न: आम्ही म्युनिकजवळ जुने घर घेतले. तेलाच्या बॉयलरऐवजी पेलेटचा बॉयलर बसवला असून तळघरातल्या एका खोलीत सुटे पेलेट साठवले आहेत. दिवाणखान्यात एक लहान पेलेट स्टोव्हही आहे. येथे शोर्नश्टाइनफेगर, म्हणजे धुराडेवाला, येऊन जातोच. मग आम्हाला आणखी काही करावे लागते का?

उत्तर: जर्मनीत धुराड्याची सफाई मालकाच्या मर्जीवर सोडलेली नाही, आणि हे मला फार चांगले वाटते. आपल्या भागाचा अधिकृत धुराडेवाला सात वर्षांत दोनदा घरी येऊन सर्व शेगड्या व धुराडी पाहतो आणि फॉयरश्टेटनबेशाइड नावाचा लेखी आदेश देतो. कोणते काम वर्षातून किती वेळा आणि कोणत्या मुदतीत करून घ्यायचे ते त्यात लिहिलेले असते. १ जानेवारी २०१३ पासून ती नेहमीची सफाई पात्र असलेल्या कोणत्याही धुराडेवाल्याकडून करून घेता येते, मात्र ती मुदतीत झाल्याचा कागद भागाच्या अधिकृत धुराडेवाल्याकडे पोचवणे ही मालकाची जबाबदारी आहे. त्या कागदाची प्रत जपून ठेवावी.

परंतु धुराडेवाला मुख्यतः धूर जाण्याचा मार्ग तपासतो. दिवाणखान्यातल्या स्टोव्हची वाटी, काच, राखेच्या पोकळ्या आणि दाराची दोरी हे काम आपलेच आहे आणि ते पहिल्या उत्तरात लिहिल्याप्रमाणेच करायचे आहे. एनप्लस ए१ दर्जाचे पेलेट घेतले तर राखेचे प्रमाण ०.७ टक्क्यापेक्षा जास्त नसते, त्यामुळे हे काम हलके होते.

आपल्या पत्रातील तळघराच्या उल्लेखाने मात्र मला काळजी वाटली. मोठ्या प्रमाणात साठवलेल्या सुट्या पेलेटमधून, विशेषतः ते ताजे असताना, कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. लाकडातील स्निग्ध आम्लांचा हवेशी संयोग होऊन तो तयार होतो आणि त्यासाठी आग लागत नाही. युरोपात अशा कोठारांत शिरून माणसे दगावल्याच्या घटना घडल्या आहेत. कोठाराला बाहेरच्या हवेत उघडणारी वाट हवी, ती कधी बंद करू नये, आत जाण्यापूर्वी दार उघडून खोलीत हवा खेळू द्यावी, बॉयलर बंद करावा, एकट्याने जाऊ नये आणि मुलांच्या हाती किल्ली लागू देऊ नये. गॅरेजमध्ये १५ किलोची थोडी पोती ठेवणाऱ्यांनी घाबरण्याचे कारण नाही, पण बंद कोठार ही वेगळी गोष्ट आहे.

प्रश्न: मिनेसोटात आम्ही घरात कुंडीत कढीपत्ता जपला आहे. आई म्हणते, स्टोव्हची राख त्याला घाल. घालू का?

उत्तर: घालू नये. लाकडाची राख अल्कधर्मी असते आणि कढीपत्त्याला किंचित आम्लधर्मी माती मानवते. आईंचा सल्ला गावाकडच्या परसबागेसाठी ठीक असेल, कुंडीतली माती मात्र राखेने लवकर बिघडते. बागेतल्या जमिनीची चाचणी करून ती आम्लधर्मी निघाली तर वसंतात तेथे थोडी राख पसरता येते. तोवर ती घट्ट झाकणाच्या लोखंडी डब्यात, घरापासून किमान १० फूट दूर, दगडावर किंवा काँक्रीटवर ठेवावी. लाकडी डेकवर ठेवू नये आणि कागदी पिशवीत तर मुळीच भरू नये. वरून गार दिसणाऱ्या राखेत निखारा दोन-तीन दिवसही धुमसत राहू शकतो.

प्रश्न: आम्ही दोघे निवृत्त आहोत. दरवर्षी एप्रिलअखेर मॅसॅच्युसेट्सहून पुण्याला जातो आणि सप्टेंबरमध्ये परततो. स्टोव्हची मोठी सफाई परत आल्यावर, थंडीच्या आधी, करून घेतली तर चालेल ना?

उत्तर: सफाई जाण्यापूर्वी करावी, ही माझी कळकळीची विनंती आहे. राखेतले पोटॅशचे क्षार ओल ओढून घेतात. उन्हाळ्यातल्या दमट हवेत पाच महिने राख तशीच राहिली तर तिचे क्षारपाणी होऊन ते पत्र्याला खाते, आणि सप्टेंबरमध्ये ब्रश घातला की राखेबरोबर गंजाच्या खपल्या हाती येतात. एप्रिलमधली राख कोरडी असते, हातासरशी निघते.

शेवटच्या आठवड्यात हॉपर, म्हणजे पेलेट भरायची पेटी, मुद्दाम रिकामा होऊ द्यावा. तळाशी उरलेला भुसा व्हॅक्युमने काढावा आणि पेलेट आगीकडे ढकलणाऱ्या मळसूत्री दांड्यात अडकलेले पेलेटही पुढे सरकून संपू द्यावेत. ओल लागलेला पेलेट फुगतो आणि पुन्हा भुसा होतो. तो दांड्यात घट्ट बसला की मोटर अडते आणि दुरुस्तीला माणूस बोलवावा लागतो. उरलेली पोती लाकडी पट्ट्यांवर, जमिनीला न टेकवता, कोरड्या जागी रचावीत. धूर ओढणारा पंखा काढून त्याच्या पात्यांवरची राख मऊ ब्रशने झाडावी. पात्यांना पाणी लावू नये, आणि पंखा परत बसवताना त्याचे गास्केट नवे घालावे. आतल्या उघड्या लोखंडाला कोरड्या फडक्याने पुसून सिलिकॉनचा पातळ फवारा मारावा, म्हणजे गंज चढत नाही.

धुराड्याला वरच्या टोपीत जाळी नसेल तर पक्षी, आणि बाहेरून हवा घेणाऱ्या नळीत गांधीलमाश्या किंवा उंदीर, घर करतात. जाताना दोन्ही तोंडांत चिंध्यांचा बोळा घट्ट बसवावा, प्लग काढून ठेवावा आणि दोऱ्याने प्लगला एक कागद बांधावा. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहावे: ‘दोन्ही बोळे काढल्याशिवाय पेटवू नये.’ पाच महिन्यांनी, प्रवासाच्या शिणात, पहिल्या गार संध्याकाळी हात आधी प्लगकडेच जातो.